नीहारदीची डाळ

१ डिसेंबर

आजपासून बाजाराची पिशवी माझ्या हातात! मेसचा, म्हणजे आमच्या बायकांच्या बिऱ्हाडाचा, नियमच तसा — दर महिन्याला आमच्यातली एक मॅनेजर. तिने सातजणींचा बाजार करायचा, आणि महिनाअखेर जे वाचेल त्याची मेजवानी घालायची. तीस दिवस काय जेवलो ते कोणी लक्षात ठेवत नाही. मेजवानी मात्र वर्षभर उगाळतात. पुतुलने सकाळीच बजावलं, "झरनादी, एकतीसला मटण नसेल तर तुमचीच तंगडी शिजवीन." पुतुल नर्सिंग होममध्ये आया आहे. जीभ ही अशी.

मी दिवसभर होमिओपॅथीच्या दुकानात गोळ्या भरते. तिथे कोणी माझं नावही घेत नाही. निदान हा एक महिना सहा माणसं माझ्या वाटेकडे डोळे लावून बसतील.

३ डिसेंबर

संध्याकाळी बाजार उठता उठता गेले. फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, एक चिरलेला भोपळा — सगळं मातीमोल. दुधीची सालं फेकू दिली नाहीत, बारीक चिरून तीळ घालून कुरकुरीत परतली. गोविंद मासळीवाल्याने रोहूचं डोकं जवळजवळ फुकट दिलं, ते मुगाच्या डाळीत घातलं. सगळ्याजणी बोटं चाटत होत्या. पुतुलनेसुद्धा पुन्हा वाढून घेतलं. पोट भरून आणि चवीचं जेवलो, ते कलकत्त्यात, या पैशांत! कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

नीहारदी मात्र अर्धं ताट ठेवून उठल्या. त्यांचं ताट वेगळंच — विधवेचं. कांदा नाही, लसूण नाही, मसूर नाही, मासा तर नाहीच. कढईसुद्धा वेगळी. म्हणून त्यांच्याकडून निम्मेच पैसे घेतो. बावीस वर्षं तशाच जेवतायत.

६ डिसेंबर

नीहारदी जिन्यात बसून राहिल्या. दोन मजले चढवेनात. मी हात धरला तर मनगट नुसतं काडीसारखं. साड्यांना फॉल लावण्याचं काम महिनाभर बंदच आहे म्हणे, सुई दिसत नाही. तरी कालना गावी दिराला मनीऑर्डर गेलीच. म्हटलं, या महिन्यात नाही पाठवली तर दीर मरेल का? हसल्या नुसत्या.

८ डिसेंबर

धर्मादाय दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलासा. म्हणाला, "आजीबाईंना औषधाची नाही, अन्नाची गरज आहे. रोज शिंगीचा पातळ रस्सा द्या कच्ची पपई घालून, पंधरा दिवसांत धावतील." शिंगी म्हणजे आजाऱ्याचा मासा, आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. मी म्हटलं, विधवा आहेत. त्याने कपाळाला हात लावला. मग दूध, फाडलेल्या दुधाचा छेना, फळं लिहून दिली. घरात दिवाळी असल्यासारखी यादी!

१० डिसेंबर

दूध पचत नाही. छेन्याने उलटी झाली. दोन सफरचंदांत आमचं एका वेळेचं जेवण गेलं, आणि त्यांनी खाल्ल्या चार फोडी.

१२ डिसेंबर

झोप उडाली आहे. आई आठवते. आईही विधवा. शेवटच्या आजारात एकदा हळूच म्हणाली, "झरू, जरासा मासा मिळेल?" मी वीस वर्षांची. म्हटलं, आई, लोक काय म्हणतील! पुन्हा तिने काही मागितलं नाही. पाच दिवसांत गेली. सत्तावीस वर्षं झाली, मला अजून स्वतःची चीड येते.

१३ डिसेंबर

केलं. जे व्हायचं ते होवो.

शिंगी घेतली, दोन. गोविंद हसला, "दिदी, कोण आजारी?" मी म्हटलं, मीच. आलं आणि पपई घालून खूप उकळली. फडक्यातून गाळून घेतलं. त्या पाण्यात नीहारदींची मुगाची डाळ शिजवली, वरून हिंग, जिरं, तूप. शोभाची आई — आमची स्वयंपाकीण — चुलीशी उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "पाप तुमच्या माथी दिदी, मी फक्त जाळ घातला." आणि आच वाढवली.

नीहारदींनी पहिला घास घेतला. थांबल्या. मग ताटाकडे बघतच दुसरा घेतला, तिसरा. वाटी पुसून खाल्ली. "आज डाळ छान झालीय," एवढंच.

१४ डिसेंबर

पुन्हा. पुन्हा वाटी साफ.

१७ डिसेंबर

नीहारदी आज गच्चीवर जाऊन उन्हात बसल्या. गालावर रंग आहे. रोज शिंगी म्हणजे मेजवानीचं मटण चाललं हे मला दिसतंय. पुतुल पिशवीत डोकावून जाते. "झरनादी, तुमची पपई फारच महाग दिसते." तिने ओळखलंय की नुसतं टोचतेय, कळत नाही.

मला भीती मेजवानीची नाही. एका विधवेचं बावीस वर्षांचं व्रत मी चोरून मोडतेय. त्या वर गेल्यावर हिशेब त्यांच्या नावावर लागेल की माझ्या? कोणाला विचारू?

१९ डिसेंबर

नीहारदींनी आज सुईत दोरा ओवला. चष्म्याशिवाय! मला दाखवायला खोलीत आल्या. पोरीसारख्या.

२० डिसेंबर

मी मूर्ख आहे.

एकादशी होती. संध्याकाळी नीहारदींनी मला जवळ बसवलं. माझे हात हातात घेतले. म्हणाल्या, तुझ्या डाळीने मला उठवलं, तू गेल्या जन्मीची माझी मुलगी असणार. मग देवाच्या तसबिरीपुढचं फूल उचलून माझ्या केसांत खोवायला लागल्या. मला सहन होईना. त्या व्रतस्थ बाईने मला, मासे चारणारीला, देवाचं फूल द्यायचं! रडायला लागले आणि सगळं ओकले. शिंगी, फडकं, गाळलेलं पाणी, सगळं.

त्यांचा फुलाचा हात खाली आला. मग इतकंच म्हणाल्या, "सांगायला कशाला हवं होतं, झरना?"

मागे वळून पाहिलं तर पुतुल दारात.

२१ डिसेंबर

सकाळपर्यंत सगळ्या मेसला कळलं. पाणी भरायला गेले तर दोघी बाजूला सरल्या. नीहारदींनी गंगेवर जाऊन यायचा हट्ट धरला. थंडीत स्नान करून आल्या, ओठ निळे. दुपारी मी साध्या पाण्यातली डाळ केली, शपथ घेऊन सांगितलं की साधी आहे. त्यांनी ताट हळूच दूर सरकवलं. "आता नको गं. सगळ्याजणी माझ्या वाटीकडे बघतात."

२२ डिसेंबर

नीहारदी नुसत्या चुरमुरे आणि पाण्यावर. दुसरं काही नाही.

२३ डिसेंबर

ताप. पुतुलने नर्सिंग होममधून ग्लुकोजची बाटली आणली, कशी ते विचारलं नाही. रात्रपाळीला जाताना माझ्यापाशी थांबली. "मला वाटलं गंमत आहे," म्हणाली, "मी फक्त एकीला सांगितलं."

तिला काय बोलू? मी तर सगळंच सांगितलं.

२५ डिसेंबर

सकाळी सात वाजता नीहारदी गेल्या. खोलीत मी आणि शोभाची आई. शेवटचं पाणी मी घातलं. अर्धं ओठातून बाहेर आलं.

ट्रंकेत एक साडी, फॉलचे तुकडे, मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा. कालनाच्या दिराला मी कार्ड टाकलं.

२८ डिसेंबर

दोन वेळचा स्वयंपाक होतो. कोणी दुसऱ्यांदा वाढून मागत नाही. बाजारात गोविंदने विचारलं, "दिदी, बऱ्या झालात?" मी हो म्हटलं.

आईच्या वेळी मासा दिला नाही म्हणून ती गेली. या वेळी दिला तर या गेल्या. माझ्या हाताला यश नाही, बस.

३१ डिसेंबर

मेजवानीत मटण नाही. खिचडी आणि तळलेली वांगी. पुतुलच वाढत होती.

पंगत संपत आली आणि एक म्हातारा काठी टेकत दारात आला. एक हात लुळा. कालनाहून. मी म्हटलं, या, तुम्ही नीहारदींचे दीर ना? तो म्हणाला, दीर नाही बाई, मी तिचा नवरा. अर्धांगवायू झाला तेव्हा नोकरी गेली. तिने कलकत्त्यात येऊन कुंकू पुसलं आणि मला लिहिलं, विधवेचं जेवण इथे निम्म्या पैशात मिळतं, उरलेले तुम्हाला पाठवीन, तुम्ही तेवढे इथे येऊ नका. मग जमिनीवर टेकला आणि म्हणाला, "मासळीशिवाय तिला घास जात नसे हो. शेवटी काय जेवायची?"

त्यांनी पहिल्या घासालाच ओळखलं होतं. मी तोंड उघडलं नसतं तर रोज जेवल्या असत्या.