तुझी पाटी आणि माझा अंगठा

नवीन पनवेल,
८ फेब्रुवारी २०१४

चि. कल्पेश यास,

काकाचा आशीर्वाद, डाव्या हाताने. उजवा सध्या आशीर्वाद देण्याच्या अवस्थेत नाही, आणि त्याला कारण तू. तुझी प्रकृती उत्तम असेलच. दुसऱ्याचे हात निकामी करणाऱ्यांची असते. मी सांगतोय आणि तुझी काकू लिहितेय. कंसात काही आलं तर ते तिचं, मी सांगितलेलं नाही. (हाय, माजाच हाय. सोनाबाई.)

दिवाळीला तू ती कॉम्प्युटरला जोडायची काळी पाटी आणि बिनशाईचं पेन घेऊन आलास. म्हणालास, काका, फ्लेक्सने तुमचं काम खाल्लं, आता कॉम्प्युटरवर रंगवा. शिडी नको, टर्पेंटाइन नको, नुसतं मनगट हलवायचं. पस्तीस वर्षं पनवेलच्या दुकानांचे बोर्ड आणि उरणच्या होड्यांची नावं रंगवलेला मी, काल मिसरूड फुटलेल्या पोराचं ऐकून बसलो.

त्यातच उरणच्या रंभाताईंनी, म्हणजे तिथल्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, शाळेत लावायला चोवीस माशांचा तक्ता मागितला. कोळ्यांच्या पोरांना मासे नावाने ओळखता येईनात म्हणून. मी बसलो. पाटी शिवणयंत्रावर (माज्या. पाच ब्लाउज आडले), मान वर पडद्याकडे, पेन मुठीत गच्च. पाटी वहीएवढी, तिच्यावर सुरमई काढायची म्हणजे मनगट पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखं वळवळवायचं. रेघ बारीक आली की मी आणखी दाबायचो. अकराव्या माशाला, हलव्याला, अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. पंधराव्याला चहाचा कप हातातून सुटला (नव्या सेटातला). सोळाव्याला शर्टाचं बटण लागेना. ते तुझ्या काकूने लावून दिलं, कल्पेश. अठ्ठावन्नाव्या वर्षी. मी पाटी फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकली आणि रंभाताईंना नाही म्हणायला फोन उचलला, तर तोही धरवेना. (तवा ते रडले. लिवू नको बोलले, मी लिवते.)

मग उपचार. काकूची आंबेहळद, शेजारच्या ताहेरभाईंनी कुवेतहून आणलेलं मलम. त्या मलमाने हात सोडून डोळे झोंबले. शेवटी ताहेरभाईच मला खांदा कॉलनीत त्यांच्या भाचीकडे, हिबाकडे घेऊन गेले. ती फिजिओथेरपिस्ट. तिने अंगठा पाहिला आणि म्हणाली, उद्या पाटी घेऊन या आणि माझ्यासमोर एक मासा काढा. काढला. ती पाच मिनिटं बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "पेन पळून जाणार आहे का?"

दोन आठवडे पेनाला शिवायचं नाही, असं बजावून तिने पेनाला कापड गुंडाळून जाड केलं, आणि हलक्या हाताने जाड रेघ उमटेल अशी कॉम्प्युटरमध्ये सोय करून दिली. पाटी कोपराच्या उंचीवर ठेवा, दर वीस मिनिटांनी थांबून बोटं मोकळी करा. हे सगळं मी निमूट ऐकलं. पण शेवटी ती म्हणाली, "मनगट नका हलवू. हात खांद्यापासून फिरवा."

शिडीवर उभा राहून पस्तीस वर्षं मी दुसरं काय केलं रे? ब्रश कधी दाबला नाही, रेघ कधी मनगटाने ओढली नाही. मला येत होतं ते तू एका वाक्यात विसरायला लावलंस, आणि मी विसरलो. अंगठ्याचं एक वेळ सोड. राग याचा आहे.

दोन आठवडे हात मांडीवर ठेवून बसलो. मग उरलेले आठ मासे उभ्याने काढले, मासा पडद्यावर मोठा करून, लांब रेघांनी. सोमवारी तक्ता शाळेत लागला. दुखणं निम्म्यावर आलंय, पण हाताने लिहायची अजून बंदी आहे. तेव्हा येऊन तुझी पाटी घेऊन जा.

तुझा संतप्त काका,
कृष्णकांत

ता. क. पाटी नेऊ नकोस. मात्र खांद्यापासून हात फिरवायला ती पुरत नाही. हिच्या दुप्पट मोठी मिळते असं हिबा म्हणते. ती एप्रिलच्या आत आण. रंभाताईंना आता खेकडे आणि शिंपल्यांचा तक्ता हवाय.

ता. क. दुसरा. (ह्यो सगला माजा. ते भायेर गेलेत. तक्त्याच्या खालती चित्रकार म्हनून दोन नावा हायेत. पयला तुजा हाय. मी सांगितला ह्या त्यांना कलू देव नको.)