नकाशात शेळ्या नाहीत

पुणे, ३ एप्रिल २०२५

ती. पारूआत्यास,
अश्विनीचा शि. सा. न. वि. वि.

कोकणातल्या किनाऱ्याचं मोजमाप आटोपून परवाच परतले. तुमच्या वाडीवर रेंज नाही, म्हणून हे पत्र. बाबांकडून कळलं की बंगलेवाल्याने पानशेतच्या काठावर तुमच्या शेळ्यांच्या पाणवाटेला जाळी मारली. वर तहसीलदारांना ड्रोनचा नकाशा दाखवून, या वाटेने कुणीच येत नाही, असं सांगितलं. आत्या, धरणकाठाचा तो नकाशा माझाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ड्रोन शेकडो फोटो काढतो आणि संगणक ते जुळवून उंचसखल काठ जसाच्या तसा उभा करतो. पण या फोटोत इथं आणि पुढच्यात तिथं असं जे हलतं, ते जुळत नाही, पुसलं जातं. तुमच्या शेळ्या चालत होत्या, म्हणून गेल्या. सतरा तारखेला तिथंच पुन्हा ड्रोन उडवायचा आहे. काय करू, ते कळवा.

राग निवला की लोभ असू द्या.
तुमची,
अश्विनी

वाडी, ७ एप्रिल २०२५

चि. अश्विनीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. एवढ्या शेळ्या, दोन कुत्री आणि मी, सगळं तुझ्या यंत्राने गिळलं, आणि बंगल्याची गच्ची तेवढी ठेवली? आणि मी तुझं कौतुक विंझरच्या बाजारापर्यंत सांगत फिरते!

रखवालदार मला म्हणाला, म्हातारे, आता शेळ्या कुठं पाजणार? म्या म्हटलं, हितंच. रोज जाळी उचलून खालून जाते. दोन लुगडी फाटली, वाट सोडली न्हाई. माझ्या सासूनेही इथंच पाजल्या.

हलतं ते पुसतं, तर बसलेलं राहतं ना? शेळ्या भर दुपारी पाणी पिऊन वाटेवरच रवंथ करत बसतात. तेव्हा उडव, पण उंचावरून, नाहीतर बिचकतील. मी मधोमध बसते. नाकावर माशी बसली तरी हात उचलायची न्हाई. बघू कसं पुसतं ते.

जेवणाची हेळसांड करू नको. माया आहेच.
आत्या

पुणे, १९ एप्रिल २०२५

ती. पारूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नकाशात आलात! डोक्यावर पदर, वाटेच्या मधोमध, आणि भोवती सगळ्या शेळ्या. एक करडू तेवढं हललं, त्याची नुसती पाठ आली आहे, मुंडकं नाही. मी हसले आणि मग रडलेही.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी माणसं-जनावरं पुसून नकाशा साफ कर म्हणून सांगितलं. मी साफ नकार दिला आणि आहे तसा तहसील कचेरीत देऊन आले. साहेब खवळले. अठ्ठावीसला दुसऱ्याला पाठवून पुन्हा उडवतो, आणि तुझी गरज नाही, म्हणाले.

उडवू देत. मी आदल्या दिवशीच्या एसटीने वाडीवर येते. वाटेवर तुमच्या शेजारी माझी जागा धरून ठेवा. आता पुसायचं तर दोघींना पुसावं लागेल.

भेटीअंती लोभ वाढेलच.
तुमची,
अश्विनी