तीन ताटांचा ताळा

८ ऑक्टोबर, बुधवार

फॉर्म चुकला. माझाच!

मराठी मंडळाच्या रविवारच्या जेवणासाठी केलेला. घरातल्या प्रत्येकाची एक ओळ, ओळीत ड्रॉपडाऊन — सगळं चालतं, कांदा-लसूण नको, दाणे नकोत. ओरछा गेटजवळच्या शाल्मलीताईंचा फोन आला. त्यांनी मयुरासाठी 'दाणे नकोत' निवडलेलं, पण फॉर्म भरल्याची पोच आली त्यात तिच्यापुढे 'सगळं चालतं'. त्यांच्या या मुलीला शेंगदाण्याने श्वास लागतो, मागे दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. आणि आपल्याकडे कूट कशात नसतं!



९ ऑक्टोबर

सापडलं. सगळ्या ओळींतल्या ड्रॉपडाऊनना मी एकच नाव दिलं होतं. सर्व्हरकडे शेवटच्या ओळीतलं तेवढं उरलं, तेच घरातल्या सगळ्यांना लागलं. मयुराच्या घरी शेवटची ओळ तिच्या आजोबांची, त्यांना सगळं चालतं. आता प्रत्येक ओळीच्या नावाला तिचा क्रमांक जोडलाय.

पण तपासला होता ना मी! शाळेच्या आधी बाबांनी घरीच शिकवलं — उत्तर आलं की ताळा पाहायचा. पाहिला. आमचीच तीन नावं घालून. आमचं पुजाऱ्यांचं घर, तिघांपुढे 'कांदा-लसूण नको'. बरोबरच दिसणार!

ऑफिसात माझे सीनियर अनुपजी, त्यांना सगळं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "अब रोने से अच्छा, फोन लगाओ."

१० ऑक्टोबर

आधीची उत्तरं गेली ती गेली. घरोघरी फोन केले. कुणी रागावलं नाही. देविकाकाकू तर म्हणाल्या, आमच्याकडे सगळं चालतं गं, फक्त ह्यांना तिसरी वाटी श्रीखंड देऊ नका.

१२ ऑक्टोबर, रविवार

मयुराचं ताट वेगळं, झाकून ठेवलेलं. तिने पुन्हा पुरी मागितली. मी समोर बसून तिच्या श्वासाकडेच बघत होते. शेवटी शाल्मलीताई म्हणाल्या, "अगं, तू पण जेव ना."

काय भूक लागली होती!

१३ ऑक्टोबर

दुरुस्त केलेला फॉर्म घरी पुन्हा तपासला. या वेळी मी नाही भरला, मोबाईल ज्याच्या त्याच्या हातात दिला. आईने चष्मा लावला आणि स्वतःपुढे निवडलं — सगळं चालतं. मला वाटलं, बोट घसरलं.

"नाही," आई म्हणाली. "माहेरी खायची मी कांदा. इथे कुणी विचारलंच नाही."

बाबांनी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि आपली ओळ भरली.

१४ ऑक्टोबर

बाबांनी भाजी आणली. पिशवीच्या तळाशी दोन कांदे.