वीस मिनिटं उभ्याने केलेली कटिंग

ती. दाजींस साष्टांग नमस्कार.

माझी तब्येत एकदम ठणठणीत आहे, काळजीचं काही कारण नाही. ताईचे गुडघे काय म्हणतात? बिलावरून वीज मंडळाशी तुमचं चाललेलं भांडण कुठवर आलं?

पत्रास कारण की, मला परवा या दवाखान्यातून घरी पाठवताहेत. कागद हातात आल्यापासून मी सुन्न आहे. खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा सहा आठवडे ठेवून, व्यायाम करून घेऊन चालता करू, खर्च आमचा, असं विमा कंपनीनेच कबूल केलेलं. आज कुठे तिसरा आठवडा. कागदावर लिहिलंय, रुग्ण बरा झाला. रुग्ण म्हणजे मी, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही (विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो, ती गोष्ट वेगळी).

झालं असं की सोमवारी कंपनीचे साहेब पाहणीला आले. माणूस सज्जन, पण मानेवरचे केस बघवेनात. डावीकडे कानापुढचा कल्ला पाव इंच वर, उजवीकडे नुसतं गवत. ते विचारत होते, दुखतं का, आधार लागतो का, आणि मी त्या कल्ल्याकडे बघत हूं हूं करत होतो. चाळीस वर्षं दुकान चालवलंय, दाजी, हात शिवशिवायला लागले. कात्री उशीखाली होतीच (शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या मिशा मीच बघतो). साहेबांना खुर्चीत बसवलं, टॉवेल गुंडाळला आणि वीस मिनिटं उभ्याने कटिंग केली. उभा राहिलो तो डावा हात त्यांच्या डोक्यावर दाबून. गिऱ्हाइकाला वाटलं कारागीर मान धरतोय. खरं तर त्या मानेनेच कारागिराला धरलं होतं. साहेब आरशात बघून खूश होऊन गेले आणि मी खाटेवर असा कोसळलो की दोन नर्सबाईंनी मिळून मला सरळ केलं. साहेबांनी अहवालात काय लिहावं? रुग्ण वीस मिनिटे उभा राहून आपला व्यवसाय करतो.

दुसरा धक्का व्यायामाच्या बाईंनी दिला. त्यांनी कागद उलटा करून मागची बारीक अक्षरं दाखवली. म्हणाल्या, "काका, हा तुमचा हक्क आहे. उद्या बाराच्या आत अपील करा. कंपनीबाहेरचे डॉक्टर तपासतील, आणि निकाल लागेपर्यंत तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही." एवढा मोठा हक्क, आणि मी त्या कागदात दाढीचं ब्लेड गुंडाळून ठेवलं होतं. पण अपिलात म्हणे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं की मला जमत नाही. हे वाक्य मी जन्मात उच्चारलेलं नाही.

असो. ताईला यातलं निम्मंच सांगा.

तुमचा मेहुणा

ता. क. तुम्ही आयुष्यभर तक्रारअर्ज लिहिलेत आणि मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर त्यांची टिंगल केली. सगळी मागे घेतो. पत्र आणणारी आया तुमच्याच गल्लीत राहते. उद्या सकाळी तिच्याबरोबरच या, चष्मा आणि पेन घेऊन.

ता. क. २. येण्याआधी केस कापून घ्या आणि जाताना माझी कात्री घेऊन जा. बाहेरचे डॉक्टर कसलं डोकं घेऊन येतील, सांगता येत नाही.

ता. क. ३. तब्येतीची पहिली ओळ मी आत्ताच खोडली. कंपनीच्या हाती लागली तर पुरावा म्हणून लावतील. तिच्या जागी हे वाचा: दुकानावरच्या माझ्या खोलीला बावीस पायऱ्या आहेत, वर मी एकटा असतो, आणि काल व्यायामाच्या जिन्यात चौथ्या पायरीवर मी घाबरून रडलो. अर्जात हे तुम्ही लिहा. माझ्याने बोलवणार नाही.