वेंगुर्ल्याचं घर आणि एक नारळ

२२ ऑक्टोबर २००४
सकाळी विहारात वंदना. दुपारी प्रशांतने ओढत चिखलोलीला सॅम्पल फ्लॅट बघायला नेलं. दसरा म्हणून बिल्डरने पेढे ठेवले होते, दोन खाल्ले. एजंट मनोहरभाई, उल्हासनगरचे सिंधी, माणूस गोड. "मॅडम, इधर स्टेशन येनार. भाव कुठल्या कुठे जानार. समुंदर में क्या रखा है? खारा पानी!" म्हटलं, मला खारंच पाहिजे. प्रशांतने कपाळाला हात लावला. चिरंजीव बँकेत, घर म्हटलं की त्यांना फक्त भाव दिसतो.
छप्पन्न वर्षांची बाई, नवरा नाही, टेलिफोन एक्सचेंजमधून व्हीआरएस घेतलेली. हिने आता इथेच अंबरनाथला, बुवापाड्यातल्या खोलीत बसून नातू खेळवावा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मला कोणी विचारलं? खोली विकणार, फंड घालणार आणि समुद्राशी जाऊन राहणार.

२५ ऑक्टो.
वेंगुर्ल्याहून सुलभाचा फोन. अजूनही "हॅलो अंबरनाथ" म्हणूनच सुरुवात करते. इतकी वर्षं ती तिकडच्या बोर्डावर, मी इकडच्या. ट्रंक कॉल जोडता जोडता मध्ये मिळतील त्या दोन वाक्यांत मैत्री झाली. ऑपरेटरला नाव-आडनाव नसतं, गाव असतं. मी तिला वेंगुर्ला म्हणायची, ती मला अंबरनाथ. तोंड अजून पाहिलेलं नाही. "दर्या काय म्हणतोय?" विचारलं की रिसीव्हर खिडकीकडे धरायची. घरघरीशिवाय काही ऐकू यायचं नाही. मी आपली "हो हो, येतोय" म्हणायची. तिचं मन कशाला मोडा.
तिच्या काकूला घर विकायचंय. बंदराच्या रस्त्याला, डचांच्या जुन्या वखारीच्या मागे. काकू एकटी, पोरंबाळं नाहीत, आता सु.कडे राहायला जाणार.
मी बघायला जाणार. प्रशांत म्हणतो, मीही येतो, तुला कोणीही फसवेल.

१४ नोव्हें. वेंगुर्ला
लॉजवर लिहितेय. घर!! जांभ्या दगडाचं, कौलारू, दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत बसलं की माडांमधून पाण्याची एक पट्टी दिसते. पट्टीच, पण बास झाली.
सु. बुटकी निघाली. आवाजावरून मी तिला चांगली उंच धरली होती. दोघी गळ्यात पडून रडलो, प्रशांत रस्त्याकडे बघत उभा.
काकू ऐंशीच्या घरात, कडक. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी, आग्रह करकरून वाढलं. मग परसात नेलं. चाफ्याखाली एक साधा दगड. "ह्यो राखणदार. देवदिवाळीक तेका नारळ आणि कोंबो दिवचो लागता. माझी सासू दी होती, मी दितंय. ता करशात तर घर तुमचा. नायतर माका विकूचाच नाय."
मी तोंड उघडायच्या आत प्रशांत, "देऊ की काकू! एक काय, दोन नारळ देऊ!"
काकूने त्याच्या गालावरून हात फिरवला. आणि मी गप्प. का गप्प? पाण्याची ती पट्टी डोळ्यांत होती म्हणून. दुसरं काय.
लॉजवर येऊन त्याला झापलं. "अगं, म्हणायला काय जातंय? नंतर कोण बघायला येणार आहे?"

१८ नोव्हें.
परत बुवापाडा. डोक्यातून दगड जात नाही.
आई. दीक्षा घेऊन आली आणि देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घालून नदीत सोडायला निघाली. टोपलीची एक कड माझ्या हातात, आठ वर्षांची होते. पुढच्या जत्रेला गावाने मरीआईचा कोंबडा मागितला. तो आमच्याच वस्तीने द्यायचा, असा रिवाज. आई म्हणाली, यंदापासून नाही. गावच्या दुकानात आम्हाला मीठ मिळेनासं झालं. दुसऱ्या गावाहून मीठ आणलं, पण कोंबडा दिला नाही.
आणि मी पडवीसाठी देऊ?
प्रशांत म्हणतो, रविवारी आपण कापतोच की, एक त्या दगडासमोर कापला तर काय बिघडलं. म्हटलं, रविवारचा मी भुकेसाठी कापते, भीतीसाठी नाही.

२० नोव्हें.
सु.ला फोन लावला. एका दमात सांगून टाकलं. मुलगा बोलला तो माझा शब्द नाही. आम्ही बौद्ध. राखण देणार नाही. चाफ्याला पाणी घालीन, दगड हलवणार नाही, त्याला कोणाचा धक्का लागू देणार नाही. पण नारळ नाही, कोंबडा नाही. काकूला जसंच्या तसं सांग.
सु. एवढंच म्हणाली,
"तू कधी सांगितलंस नाय गो."
"तू कधी विचारलं नाहीस."
"विचारूचा कशाक?"
हे मात्र खरं. इतक्या वर्षांत तिने आडनावसुद्धा विचारलं नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटायचं. आता वाटतं, मीच आधी सांगायला हवं होतं का? नाही. का सांगायचं? ती तरी कुठे सांगत होती?
मग हळूच म्हणाली, "काकू ऐकूची नाय. असा कर, तू हो म्हण. तुझ्या नावान मी ठेवतंय नारळ. तुका कळूचा पण नाय."
मायेने म्हणाली, तेच जास्त लागलं. रडू आलं, रागही आला. "माझ्या नावाने नको, सुलभा. तुझ्या नावाने शंभर ठेव."
फोन आधी कोणी ठेवला, माहीत नाही.

२७ नोव्हें.
वेंगुर्ल्याचा फोन नाही. मीही केला नाही.
प्रशांत: "घालवलंस ना घर, एका नारळापायी." मनोहरभाई पुन्हा येऊन गेले. "मॅडम, आपल्याकडे नारळ-बिरळ कोनी मागनार नाय." हसू आलं. चहा पाजला, माहितीपत्रक परत दिलं.
समुद्र नसेल तर बुवापाडा. चिखलोली नाही म्हणजे नाही.

६ डिसें.
चैत्यभूमी. दर्शन घेऊन आम्ही दोघं वाळूत बसलो. ओहोटी होती. लहानपणापासून माझ्या वाट्याचा समुद्र एवढाच, वर्षातून एक दिवस, आणि संध्याकाळ झाली की पाठ फिरवून स्टेशन गाठायचं. मला एकदा तरी पाठ फिरवायची नव्हती. एवढंच होतं, पण ते कोणाला समजावत बसू?
प्रशांत वडापाव खाता खाता म्हणाला, "आई, मी तिथे उगाच हो बोललो." म्हटलं, कळलं ना, मग आता खा.

११ डिसें.
सु.चा फोन! तीन आठवड्यांनी. आवाज जपून. पुण्याचं एक गिऱ्हाईक घर बघून गेलं. "तेणी सगळ्याक हो म्हटल्यान. दगड बघूक पण उठलो नाय." काकू काय म्हणते? "काय नाय. रोज माका विचारता, ती अंबरनाथची बाय काय म्हणाली, ता परत सांग. मी सांगतंय. गप रवता."
गप्प राहते म्हणजे काय? सु.लाही माहीत नाही.
फोन ठेवताना म्हणाली, "माझो राग नाय हां तुझ्यार." माझाही नाही. तेवढं बरं झालं.

१३ डिसें. देवदिवाळी
आत्ता, भाजी चिरत असताना फोन. सु. नव्या मोबाइलवरून, काकूच्या घरून.
"हॅलो अंबरनाथ?"
"बोल वेंगुर्ला."
"काकूक तुझ्याशी बोलूचा आसा. नारळ ठेवून इली, हळूहळू चलता. लाइन सोडू नको."
"सुलभा, मी तेच सांगणार आहे."
"ता तिका सांग. माका नको."
आयुष्यभर लोकांना "होल्ड करा" म्हटलं, आज मी होल्डवर. रिसीव्हर खांद्यात दाबून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. घर हवंय मला. फार हवंय. पलीकडे काठी टेकल्याचा आवाज, आणि त्याच्या मागे काहीतरी, लांब, येतंय-जातंय. घरघर नव्हे. दर्याच तो. आज खरोखर ऐकू येतोय.
काठी थांबली. कोणीतरी फोन हातात घेतलाय, श्वास ऐकू येतोय. ती बोलायच्या आत मीच सांगते. काकू, घर द्या, नाहीतर नका देऊ. नारळ नाही.