काकांनी चढवलेला वेग

दि. ४ मार्च

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी पाणी भरलं, कपडे वाळत टाकले, काकांच्या स्टुडिओतला केर काढला आणि पदर खोचून कॉम्प्युटरसमोर बसले. लायब्ररीतल्या बाई महिनाअखेर निवृत्त होतायत, त्यांच्या निरोपाची फिल्म मी जोडतेय. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्यासारखीला त्यांनी तीस वर्षं पुस्तकं पुरवली. त्यांची फिल्म दुसऱ्याकडून कशी करून घेऊ? सगळे तुकडे जोडून झाले, शेवटची प्रत काढायचं बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत मशीन फटकन विझलं. पाच वेळा दाबलं, पाच वेळा विझलं. एरवी बिचारं दिवसभर चालतं.

दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, काकांनी प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त चढवलाय, याला ओव्हरक्लॉक म्हणतात. वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, पाचशे वॅटचा आणि आठ वर्षांचा म्हातारा. त्याला हे ओझं झेपत नाही. वेग उतरवा, काम होईल. मी त्याला वाटेला लावलं.

काकांना जाऊन तीन वर्षं झाली. कपडे वाटले, कॅमेरे विकले. त्यांच्या हातचं आणि अजून पळतंय असं एवढंच उरलंय. मशीनला पळायला लावलं म्हणून आठवडाभर छाती काढून फिरत होते, आठवतं ना? वेग उतरवायचा नाही. सप्लाय बदलायचा.

मी हिशेबही केलाय. मशीनच्या आतलं सगळं मिळून चारशे साठ, मॉनिटर चाळीस, प्रिंटर चारशे, पंखा साठ, दिवा दहा. वर पाव भाग मोकळा ठेवावा असं वाचलं. बाराशे वॅटचा घेते. बरोबर ना? फोनवर मला आकडे ऐकू येत नाहीत, तेव्हा लिहूनच कळव. आळस केलास तर माया आटेल, सांगून ठेवते.

तुझी काकू

दि. ९ मार्च

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

बाराशे वॅट! काकू, फिल्म काढायचीय की पिठाची गिरणी टाकायचीय? इन्व्हर्टर घेताना काकांनी घरातला दिवा न् दिवा मोजला होता, तसंच केलंस तू. पंखा, प्रिंटर, मॉनिटर आपली वीज भिंतीतून घेतात; त्यांचं पान या डब्यासमोर मांडलेलं नसतं. चारशे साठ खरे. पण पडद्यावरची चित्रं तयार करणारं ग्राफिक्स कार्ड मधेच क्षणभर दुप्पट मागतं, आणि म्हातारा तिथेच मान टाकतो. साडेसातशेचा पुरे. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस, बारा व्होल्टच्या रकान्यात किती वॅट लिहिलेत ते वाच; प्रोसेसर आणि कार्ड त्यावरच चालतात.

वेग उतरवलास तरी काही बिघडणार नाही हं. प्रत निघायला थोडा वेळ जास्त लागेल, एवढंच. बघ बाई.

तुझ्या धाकात असलेली,
खुडबुडी

दि. १३ मार्च

चि. खुडबुडीस,
आशीर्वाद, पण हात आखडता घेऊन.

तूही दुरुस्तीवाल्याचीच री ओढलीस ना? असो. दुकानदाराने आठशे वॅटचा पुढे केला, आत रंगीत दिवे लुकलुकत होते. बारा व्होल्टचा रकाना दाखवा म्हटल्यावर त्याने विचारलं, आजी, कुणी शिकवून पाठवलंय? तोपर्यंत मी चष्मा लावून वाचलंही होतं. बारा व्होल्टला जेमतेम साडेचारशे! म्हटलं, रोषणाई तुमच्या दुकानातच राहू दे. साडेसातशेचा चांगला, जड, बिनदिव्याचा घेतला. त्याने मग आजी सोडून मॅडम म्हणायला सुरुवात केली.

काकांनी जुन्या वायरी पट्टीने आखल्यासारख्या बांधल्यात. त्यांना हात न लावता त्यांची टोकं नव्या डब्यात खोचणार आहे. रविवारी बसते. तुझं मन असंच घराकडे ओढ घेत राहो.

काकू

दि. १५ मार्च

ती. काकूस,
सा. न.

आधी थांब! जुन्या वायरी नव्या डब्याला लावायच्या नाहीत. टोकं बसतात, पण प्रत्येक कंपनीची आतली जोडणी वेगळी. डिस्क जळेल, फिल्मसकट. गाठी कापाव्याच लागतील.

आता दुसरं. वेग काकांनी चढवला नव्हता, मी चढवला. दहावीच्या सुट्टीत, तू बाजारात गेली होतीस तेव्हा. एकेक पायरी वाढवत गेले, तीनदा मशीन उठेना, आणि काका शेजारी स्टुलावर बसून घाम पुसत होते. त्यांच्या पोटापाण्याचं मशीन, पण मला एकदाही थांब म्हणाले नाहीत. तू आलीस, कुणी हात लावला म्हणून कडाडलीस, तेव्हा तेच पुढे होऊन म्हणाले, मी लावला. तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. गाठी मात्र त्यांच्याच.

रागावलीस तरी टाकू नकोस.

खुडबुडी

दि. १८ मार्च

चि. खुडबुडीस,
सगळे आशीर्वाद पुन्हा चालू.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर मशीनला हात लावला नाही. आधी तुझ्यावर चिडले, मग त्यांच्यावर, मग पोळपाट हातात धरून एकटीच हसत सुटले. खोटं बोलले की त्यांचे कान लाल व्हायचे. तो आठवडाभर लालच होते. मला वाटलं, अभिमानाने झालेत. एवढी वर्षं संसार केला आणि हे ओळखता आलं नाही! तुझ्यासारख्या कार्टीपुढे पोटापाण्याचं मशीन ठेवून गप्प बसणं, मला नसतं जमलं. वेग उतरवायचा नाही, हे माझं म्हणणं तसंच आहे.

टाकते कसली तुला! सुट्टी मिळेल तेव्हा ये, कान धरायचाय.

काकू

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठी कापल्या, नवा सप्लाय त्याच्याच वायरींनी जोडला, फिल्मची प्रत काढून बाईंना नेऊन दिली, आणि घरी येऊन मीही वेग आणखी एक पायरी चढवला.