नाक दाबणारे

जुन्नर, मंगळवार, संध्याकाळ

गावी तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर दुरुस्त करायला गेले होते. त्यांच्या घरी टीव्हीवर कुठल्याशा देशावर आर्थिक निर्बंध घातल्याची बातमी होती. तात्या खूश. "लई बेस झालं. नाक दाबलं की तोंड उघडतंय."

मी लहान असताना बांधाच्या भांडणात या तात्यांनीच आम्हाला वाळीत टाकलं. गावच्या गिरणीत आमचं दळण घेऊ दिलं नाही. वडील हटले नाहीत. डबा डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी आई जायची. मग नाक दाबलं कोणाचं?

"त्या देशात दळण कोण नेतं, तात्या?"

"तू अजून तेच दळत बसलीस व्हय, पोरी?"

स्टार्टर तसाच सोडून निघणार होते. पण पंप बंद, म्हणजे हंडे काकूच्या डोक्यावर. आईचा डबा आठवला. दुरुस्त केला. चहा घेतला नाही.